उताऱ्यात नसलेलं झाड

शहागड, १८ नोव्हेंबर २०२४

अक्षू,

आशीर्वाद आहेतच, पण आधी भांडण. दिवाळीत केदारखेड्याला तू एवढं पोटतिडकीनं सांगत होतीस आन मला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. फोनवर तर विचारूच नको. जन्मभर हायवेच्या कडेला ट्रकांच्या मधोमध बसून ब्रश चालवला, हॉर्नांनी कान खाल्ले. परवा तू फोनवर बोलत होतीस आन मी आपला "हां हां, बराबर" म्हणत होतो. तुझी मामी शेजारून ओरडली, "ती रडून राह्यली आन तुम्ही बराबर काय म्हणता?" तेव्हा आता कागदावर लिही. कागदाचं मला सगळं ऐकू येतं.

तुला माहीत आहेच, तुझ्या पप्पांसमोर, म्हणजे आमच्या दाजींसमोर, मी शब्द टाकून बसलोय. "या खेपेला तिला सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसू द्या. न्हाई जमलं तर मंठ्याच्या त्या राजानंदच्या स्थळाचं बोलणं मी स्वतः पुढं नेतो." दाजी म्हणाले, "पुन्हा फिरायचं न्हाई." मी म्हटलं, "माझा शब्द ट्रकच्या पाटीवरच्या अक्षरासारखा हाये, पावसानं जात न्हाई." बोलताना भारी वाटलं. घरी येऊन जेवलो न्हाई.

आता मला नीट सांग. तुझा पहिला पेपर चांगला जातो म्हणतेस. इतिहास येतो, कायदा येतो, गणितसुद्धा येतं. आन दुसऱ्या पेपरात नुसतं वाचून उत्तर द्यायचं, तिथंच दोनदा घसरलीस. वाचायला तर तुला चार वर्षांची असल्यापासून येतंय. माझ्याच मांडीवर बसून तू ट्रकांचे नंबर वाचायचीस. मंग घसरतं कुठं?

मामी म्हणते, शेंगदाण्याची चटणी पाठवते. डबा परत कर.

तुझा,
कारभारी मामा


जालना, २६ नोव्हेंबर २०२४

मामा,

चटणी मिळाली. डबा परत करीन, मामींना सांगा.

पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात उतारे असतात. एक उतारा, त्याखाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. या पेपरात ठरावीक गुण पडले नाहीत तर पहिला पेपर तपासून उपयोग नसतो. चुकलं की असलेले गुणही कापतात. चारातले दोन पर्याय मी लगेच खोडते, ते सोपं असतं. उरतात दोन. दोन्ही खरे वाटतात. मी दोघांकडे बघत बसते, घड्याळ पुढं जातं, आणि शेवटी मी ज्याच्यावर खूण करते तो नेमका चुकलेला असतो. दोन्ही वर्षं असंच झालं. माझ्याबरोबरची तृप्ती म्हणते, तू नाणं टाकलं असतंस तरी पास झाली असतीस.

तुम्हाला खरंच कळायला हवं असेल तर एक उतारा पाठवते. सोडवून बघा. मामींनाही द्या.

"गावाजवळच्या नदीवर पूल झाला. पूर्वी दोन नावाडी लोकांना पलीकडे नेत. त्यांपैकी एक शहरात गेला. दुसरा रोज काठावर येऊन बसतो. पुलावरून जाणारे त्याला हात करतात. बाजार जवळ आला, असे गावकरी आनंदाने सांगतात. नदीला पाणी किती, हे मात्र आता कोणी कोणाला विचारत नाही."

लेखकाला प्रामुख्याने काय सांगायचे आहे?
१) पुलामुळे नावाड्यांचे नुकसान झाले.
२) पुलामुळे गावाचा नदीशी असलेला संबंध सैल झाला.
३) विकासाचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही.
४) सर्व गावकरी नावाड्याला विसरले.

उत्तर पुढच्या पत्रात. आधी तुमचं सांगा.

अक्षता


शहागड, ४ डिसेंबर २०२४

अक्षू,

पहिला पर्याय. डोळे झाकून पहिला. हे विचारायची गोष्ट झाली का?

पूल झाल्यावर नावाड्याचं नुकसान झालं न्हाई तर काय भलं झालं? एक शहरात गेला, तो हौसेनं गेला का? आन दुसरा काठावर बसतो, तो काय वारा खायला? त्याला खोकला असणार. बायको म्हणत असणार, घरात तोंडासमोर बसू नका, जा कुठं तरी. म्हणून येतो बिचारा काठावर. मुलगा असेल तर तो पुलाच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली लागला असेल, म्हणजे बापाच्या पोटावर पोरानंच सिमेंट ओतलं. मी तर वाचताना पार कासावीस झालो.

मामीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं चौथा. "हात करतात ते नावाला. एकानं तरी खाली उतरून चहा पाजला का?" मी म्हटलं, उताऱ्यात चहाचं काही न्हाई. ती म्हणाली, "मंग खोकल्याचं कुठंय?" त्यावरून आमचं जेवताना वाजलं. भाकरी गार झाली.

एक विचारायचं होतं. हे लिहिणाऱ्याला पत्र टाकता येतं का? त्याला म्हणावं, बाबा, नावेचा रंग तरी लिहायचास. एवढी नाव आणली आन कोरीच ठेवली.

कारभारी मामा


जालना, १३ डिसेंबर २०२४

मामा,

तुम्ही दोघंही नापास.

उत्तर दुसरा पर्याय. रागावू नका, मीही पहिल्यांदा पहिल्यावरच खूण केली होती. पण नीट बघा, "नुकसान" झालं असं उताऱ्यात कुठंच म्हटलेलं नाही. एक शहरात गेला, एवढंच आहे. रडत गेला की हसत, ते तुम्ही घातलंत. चौथ्यात "सर्व विसरले" आहे, आणि लोक तर हात करताहेत. मामी चहावर अडल्या, तो त्यांच्या स्वभावाचा चहा आहे. तिसरा पर्याय मोठ्या सभेत बोलायला बरा, या एवढ्याशा उताऱ्याच्या अंगाला तो ढगळ होतो. शेवटची ओळ वाचा. नदीला पाणी किती, हे कोणी विचारत नाही. तिथं लेखक उभा आहे.

मामा, या परीक्षेतला चुकीचा पर्याय खोटा नसतो, हीच त्याची खोड आहे. तो खरा असतो, फक्त तिथला नसतो. आपण तो घरून घेऊन जातो. मागच्या वर्षी एक उतारा कापूस वेचणाऱ्या बायकांवर होता. मी वाचायला लागले आणि आईच दिसायला लागली, तिच्या बोटांना पडलेल्या चिरा दिसायला लागल्या. लेखक बोंडाच्या जातीबद्दल बोलत होता आणि मी आईबद्दल खुणा करून आले.

क्लासमध्ये सांगतात, घरचं सगळं दाराबाहेर ठेवून उताऱ्यात शिरा. कसं ठेवायचं, ते कोणी सांगत नाही.

पप्पांशी बोलणं झालं का? त्यांचा फोन येतो, "जेवलीस का, थंडी आहे का", एवढंच. पेपरचं ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. आमचं तुमच्यामार्फतच चालतं.

अक्षता


शहागड, २२ डिसेंबर २०२४

अक्षू,

तुझं पत्र खिशात घेऊन चार लोकांना नावाड्याचा प्रश्न घातला. चौघांची चार उत्तरं आली. टायरवाला म्हणाला पूल कुठला आहे ते आधी सांगा. तेव्हा नापासांत मी एकटा न्हाई.

पण माझी खोड मला सापडली. ऐक. मी लिहायला कसा शिकलो, तुला माहीत आहे. माझे उस्ताद ट्रकच्या मागच्या पाटीवर खडूनं अक्षरं काढून द्यायचे आन मी आत रंग भरायचो. अक्षर म्हणजे काय, मला ठाऊक न्हवतं. माझ्यासाठी ते मडकं, विळा, वाकडी काठी. रंग भरता भरता एक दिवस ते मडकं "ट" म्हणालं, मंग बाकीचेही बोलायला लागले. पण उस्तादांनी एक धडा पहिल्या दिवशीच दिला होता, की गाडीवर कोरी जागा सोडायची न्हाई. दोन शब्दांच्या मधी फूल काढ, कोपऱ्यात मोर काढ, मोराच्या पायाखाली वेल काढ. मालकाला कोरा पत्रा दिसला तर तो म्हणतो, कारागीर आळशी आहे. आता रेडियमवाले आले, माझा ब्रश वाळला, पण हाताची सवय जात न्हाई. तुझ्या नावाड्याच्या मधी मला कोरी जागा दिसली आन मी खोकला काढला.

आता खरी गोष्ट. काल दुपारी जेवून लिंबाखाली बाजेवर पडलो होतो. ऊन मऊ होतं. डोळा लागला आन मी त्या उताऱ्यात गेलो.

खरंच गेलो. नदी होती, पूल होता, काठ होता. बाकी काहीच न्हवतं. मला सावलीला बसायचं होतं, पण झाड न्हवतं. लिहिणाऱ्यानं झाड लिहिलंच न्हाई, तर सावली कुठून येणार? आभाळाला रंग न्हवता. पुलावरून माणसं चालली होती, त्यांना चेहरे न्हवते, फक्त हात होते. ते हात वर व्हायचे आन खाली यायचे, संथ, पाण्यातल्या गवतासारखे. काठावर नावाडी बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो आन म्हटलं, "भाऊ, लई नुकसान झालं का?" त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला बोलायचं होतं का न्हवतं, मला कळेना. उताऱ्यात त्याला बोलणंच दिलेलं न्हवतं, अक्षू. मी खिशात हात घातला तर ब्रश होता, पण कोरडा. मंग मी काही न करता त्याच्या शेजारी बसलो. लई शांत वाटलं. मामीनं हलवलं तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

मामी म्हणाली, "झोपेत कुणाला भाऊ भाऊ करत होता?"

कारभारी मामा


जालना, ८ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र मी तृप्तीला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग म्हणाली, पुन्हा वाच.

मी आता तसंच करून बघते. उतारा समोर आला की लगेच वाचत नाही. दाराशी चपला काढल्यासारखं करते. आत जाते आणि इकडे तिकडे बघते. इथं झाड आहे का? नाही. कोणी रडतंय का? नाही. मग रडायचं नाही. परवा एक उतारा पाखरांच्या स्थलांतरावर होता. मी त्यात इतकी आत गेले की खोलीतल्या पंख्याचा आवाज बंद झाला. नुसतं पांढरं आभाळ आणि त्यात लेखकानं सोडलेली तेवढीच पाखरं. पर्याय वाचायला परत आले तेव्हा दोनच उरले होते, नेहमीसारखे. पण त्यातलं एक पाखरू मी आत पाहिलेलं नव्हतं. ते मी खोडलं.

बरोबर आलं. रोज येतंच असं नाही. पण पूर्वी मी भिऊन खूण करायचे, आता बघून करते.

पेपर दोन फेब्रुवारीला आहे. पप्पांना सांगून ठेवा, त्या आठवड्यात मी फोन उचलणार नाही.

अक्षता


शहागड, २७ जानेवारी २०२५

अक्षू,

दाजींना निरोप दिला. त्यांनी विचारलं, "लेकीचं काय चाललंय?" मी म्हटलं, "रोज उताऱ्यात जाऊन येते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी सकाळी सकाळी थोडी घेऊन आलोय. दैवशाला मात्र खुश झाली. तुझी आई ती, तिला अर्थ लागत न्हाई तरी आनंद होतो.

मंठ्याच्या लोकांचा दाजींना फोन आला होता. ते थांबायला तयार आहेत, पण लई दिवस न्हाई. हे तुला सांगणार न्हवतो. मामी म्हणाली, लपवू नका, पोरगी मोठी आहे.

शांतपणे जा. परत येताना कुणाला उत्तरं विचारत बसू नको.

मामा


जालना, १५ फेब्रुवारी २०२५

मामा,

पेपर झाला. काल पहिली उत्तरतालिका आली. तिच्याप्रमाणे दुसऱ्या पेपरात मी एका प्रश्नानं मागे पडते. तो प्रश्न उताऱ्याचाच आहे.

आत्ता जास्त लिहवत नाही. थोडं काम आहे. पप्पांना एवढ्यात काही सांगू नका. मी खोलीवरच आहे.

अक्षता


शहागड, २१ फेब्रुवारी २०२५

माझी बाई,

पत्र वाचलं आन बाहेर जाऊन बसलो. मामी आली, तिनं कागद घेतला, वाचला, पदरानं डोळे पुसले आन म्हणाली, "एका प्रश्नानं."

तुझी खोली मला इथून दिसून राह्यली. गादी गुंडाळून ठेवली असशील. पुस्तकं सुतळीनं बांधून दाराशी ठेवली असशील. तृप्ती समजूत काढत असेल आन तू भिंतीकडं तोंड करून पडली असशील. "थोडं काम आहे" म्हणतेस. कसलं काम, ते मला कळतं. रडण्याला माणूस काम म्हणतो.

पप्पांना सांगू नको म्हणालीस. पण अक्षू, मी शब्द देऊन बसलेला माणूस. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर? मी बुधवारी केदारखेड्याला गेल्तो. दाजी बागेत होते. मी म्हटलं, "एका प्रश्नानं गेलं." त्यांनी मोसंबीची एक फांदी वाकवून बघितली. मंग म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा आता." मी तिथूनच मंठ्याला फोन लावला. राजानंदची आई बेबीनंदाबाई लई गोड बोलली. येत्या रविवारनंतरच्या रविवारी, दोन मार्चला, ते लोक केदारखेड्याला पाहायला येतात. पोरगा कृषी दुकान चालवतो, निर्व्यसनी आहे, बोलायला मऊ आहे. तू शनिवारी ये. आईची ती मोरपंखी साडी तुला शोभते.

हरलीस असं मनात आणू नको. तू लई आत जाऊन आलेली पोरगी आहेस.

तुझा मामा


जालना, २४ फेब्रुवारी २०२५

मामा,

माझ्याकडे सुतळी नाही. गादी पसरलेली आहे. तृप्ती तिच्या गावी गेली आहे. खालील उतारा वाचा.

"पेपर झाला. काल पहिली उत्तरतालिका आली. तिच्याप्रमाणे दुसऱ्या पेपरात मी एका प्रश्नानं मागे पडते. तो प्रश्न उताऱ्याचाच आहे. आत्ता जास्त लिहवत नाही. थोडं काम आहे. पप्पांना एवढ्यात काही सांगू नका. मी खोलीवरच आहे."

वरील पत्रावरून काय सिद्ध होते?
१) अक्षता नापास झाली.
२) अक्षता रडत आहे व तिला समजुतीची गरज आहे.
३) आलेली तालिका पहिली आहे, आणि अक्षताला काम करण्यासाठी वेळ हवा आहे.
४) मामांनी केदारखेड्याला जाऊन पाहुणे बोलवावेत.

मी नापास झाले, असं मी कुठं लिहिलंय? ओळ दाखवा, मामा.

पहिल्या तालिकेनंतर हरकत घेता येते. कोणत्या ओळीच्या आधारावर आपलं उत्तर बरोबर, हे लिहून द्यावं लागतं. मग परीक्षा घेणारं मंडळ तज्ज्ञांना विचारतं आणि अंतिम तालिका लावतं, तिच्यावर निकाल. मी हरकत लिहीत होते. तेच काम. पप्पांना सांगू नका म्हटलं, कारण त्यांना एकदाच सांगायचं होतं, खरं झाल्यावर. तुम्हाला विचारायलाही सुचलं नाही? "पहिली" हा शब्द तुम्ही वाचलाच नाही, आणि सुतळी वाचलीत.

माझ्या हरकतीचा प्रश्न हा आहे.

"बागायतदार काही काळ झाडांचे पाणी तोडतो. पाने पिवळी पडतात, गळतात. मग पाणी दिले की झाड फुलांनी भरून जाते. बघणारे फुलांची तारीफ करतात. झाडाला काय वाटले असेल, हे कोणी विचारत नाही."

लेखकाला काय सुचवायचे आहे?
१) पाणी तोडल्याशिवाय झाडाला बहार येत नाही.
२) पाणी योग्य प्रमाणात तोडावे.
३) यश दिसले की त्यामागचा त्रास नजरेआड होतो.
४) झाडांना भावना असतात.

पहिला आणि तिसरा उरले. मामा, मी मोसंबीवाल्याची लेक. पहिला पर्याय खरा आहे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. पप्पांच्या बोटाला धरून मी कोरड्या आळ्यांमधून चालले आहे. परीक्षेच्या बाकावर ते समोर येऊन उभे राहिले. मी त्यांना बाहेर उभं केलं, आत गेले, आणि तिसऱ्यावर खूण केली. जन्मात पहिल्यांदा मला ते जमलं. पहिल्या तालिकेत उत्तर एक आहे.

रविवारी मी येणार नाही. साडी आईलाच शोभते.

अक्षता


शहागड, ४ मार्च २०२५

अक्षू,

उत्तर तिसरं. दोन्हीकडं तिसरं.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मामीनं वाचलं आन मला म्हणाली, "आता गाडीवर मोर काढून या!" मी शनिवारीच केदारखेडा गाठलं.

दाजी बागेत खाटेवर बसले होते. बहार सरत आला होता तरी वास असा भरून होता की बोलताना तोंडात यायचा. मधमाश्यांचा एकसुरी आवाज, मला सगळं कापसातून ऐकू येतंय असं वाटलं. मी म्हटलं, "दाजी, मी चुकीचं सांगून गेलो. अजून निकाल लागायचाय."

ते म्हणाले, "परवा गेलं म्हणालात, आज लागायचाय म्हणता. तुम्ही मामा हायेत का हवामान खातं?"

"मी पत्र नीट वाचलं न्हाई."

"आन मी आता बेबीनंदाबाईला काय सांगू? आमच्या मेव्हण्याला वाचता येत न्हाई?"

"तसंच सांगा," मी म्हटलं. "खरंच हाये."

ते हसले न्हाईत. दैवशाला चहा घेऊन आली आन तिथंच बसली. मंग मी खिशातून तुझं पत्र काढलं आन बागेचा तो उतारा वाचून दाखवला. चारी पर्याय वाचले. दाजी लगेच म्हणाले, "पहिला. ह्यात इचारायचं काय?" मी म्हटलं, "तिनं तिसरा लिहिला."

ते उठून उभेच राह्यले. "माझ्या पोरीला एवढं बी माहीत न्हाई? तिला मी खांद्यावर घेऊन ह्या बागेत फिरलो! पाणी तोडल्याबिगर बहार येतो का कधी?"

"तिला माहीत हाये, दाजी. माहीत असून न्हाई लिहिलं. ते तुमचं हाये. ह्या उताऱ्यातलं न्हाई."

"मंग ह्यात काय हाये?"

मी पुन्हा वाचलं. या खेपेला सावकाश, एक एक ओळ. शेवटच्या ओळीला त्यांनी हात वर केला. म्हणाले, "ती परत वाचा." मी वाचली. "झाडाला काय वाटले असेल, हे कोणी विचारत नाही." दैवशाला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. दाजींच्या मनात काय आलं, मला ठाऊक न्हाई. मी ते भरणार न्हाई. जेवढं बघितलं तेवढं लिहितो. ते जवळच्या झाडापाशी गेले. खाली पडलेली पाकळी उचलली.

मंग त्यांनी मोबाईल काढून मंठ्याला फोन लावला. म्हणाले, "ताई, उद्या येऊ नका. पोरीचं परीक्षेचं काम चालू हाये." पलीकडून बरंच काही आलं असावं. मला ऐकू आलं न्हाई. दाजी म्हणाले, "न्हाई, ताई, किती दिवस ते मी सांगू शकत न्हाई. तिला इचारावं लागंल." आन फोन खाली ठेवला.

मी निघताना त्यांनी विचारलं, "ती राहती ती खोली जालन्यात नेमकी कुठं?"

तुझी आई म्हणाली, "तीन वर्षं झाली, आता इचारता."

तुझा पत्ता मी लिहून दिला. तुला न विचारता दिला, एवढीच माझी या खेपेची भर.

मामा


जालना, १२ एप्रिल २०२५

मामा,

पप्पा आले होते.

अंतिम तालिका येणार त्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघते तर पप्पा, हातात मोसंबीची पिशवी. म्हणाले, "इकडं काम होतं." काय काम, ते मी विचारलं नाही. खोलीत एकच खुर्ची, ती त्यांना दिली. त्यांनी भिंतीवरचा नकाशा बघितला, गॅस बघितला, खिडकीतून खाली बघितलं. "पाणी येतं का वेळेवर?" "येतं." मग आम्ही दोघंही तालिकेची वाट बघत बसलो. मला वाटलं होतं अवघड होईल. नाही झालं. उन्हाचा एक चौकोन फरशीवर होता आणि तो सरकत होता, तेवढंच.

दुपारी तालिका लागली. मामा, बागेचा प्रश्न रद्द झाला. माझं उत्तर बरोबर नाही आणि पहिल्या तालिकेतलंही नाही. दोन पर्यायांना आधार मिळू शकतो, असं कारण दिलंय. मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुझं बी न्हाई आन माझं बी न्हाई?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी एक मोसंबी सोलायला घेतली. "मंग कुणाचं?" हरकत लिहिताना मला पूर्ण खात्री होती, ती आजही आहे. पण पप्पा समोर बसून फोडी वेगळ्या करत होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं.

रद्द झालेला प्रश्न वगळून गुण पुन्हा मोजतात. त्यात मी बसते की नाही, हे यादीशिवाय कळणार नव्हतं. यादी संध्याकाळी पाचच्या सुमारास आली. नुसते नंबर, पानंच्या पानं. पप्पांनी माझा नंबर विचारला आणि मोबाईल घेतला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, "पप्पा, वर नंबर टाकून शोधता येतं." ते म्हणाले, "मी बघतो." एक एक ओळ, बोट खाली खाली सरकवत. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली मुलं सायकल फिरवत होती. किती वेळ गेला, मला माहीत नाही.

मग मागून त्यांचा आवाज येणं बंद झालं. ते नंबर पुटपुटत होते, ते थांबले. मी वळले. त्यांचं बोट एका ओळीवर होतं.

मी जवळ जाऊन बघितलं. माझाच नंबर होता, मामा. मुख्य परीक्षेला मी बसणार आहे.

मी म्हटलं, "पप्पा, बोट काढा, नीट बघू द्या." त्यांनी काढलं नाही. इतका वेळ दाबून धरल्यामुळे मोबाईलवर काय काय उमटायला लागलं. कॉपी करा, शेअर करा, सगळं निवडा. पप्पांनी विचारलं, "हे काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "काही नाही. काय करायचं ते विचारतंय."

"काही करायचं न्हाई," पप्पा म्हणाले, आणि बोट तिथंच ठेवून बसले.

अक्षता